जुनी कॅम्पर व्हॅन घेताना आधी आरसी वाचा

‘नोकरी संपली, लोकलचा पास सुटला. आता एखादी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ, आत पलंग-ओटा बसवू आणि दोघं मिळून देश फिरू.’ ठाणे, कल्याण, डोंबिवलीत साठीच्या आसपासच्या माणसांकडून हा बेत आता ऐकू येऊ लागला आहे. बेत उत्तम आहे, पण तो ऐकीव माहितीवर आखला की फसतो. युरोप-अमेरिकेत जुन्या मोटरहोमचा मोठा बाजार आहे. आपल्याकडे कॅम्पर म्हणूनच तयार होऊन नोंदवलेली जुनी गाडी क्वचितच हाती लागते. विकायला येतात त्या बहुतेक एकेकाळच्या टुरिस्ट गाड्या, कंपनीच्या स्टाफ-बस किंवा रुग्णवाहिका, कुणीतरी आतून बदललेल्या. जाहिरातीत ‘कॅम्पर’ शब्द दिसला म्हणूनही हुरळून जाऊ नका. महिंद्राची ‘बोलेरो कॅम्पर’ हा दोन ओळींच्या केबिनचा पिकअप आहे, त्यात झोपायची सोय नाही. परदेशातून जुनी मोटरहोम आणायचा विचारही सोडून द्यावा, कारण तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करायला आपले नियम परवानगी देत नाहीत.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘गाडी माझ्या नावावर, आत काय करायचं ते मी ठरवणार.’ मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नेमकं याच्या उलट सांगतं. आरसीवरचा तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. मोटर कॅरव्हानसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि नोंदणीत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वेगळा वाहनवर्गही आहे. तेव्हा गाडी पाहायला जाण्याआधीच विक्रेत्याकडून नंबर घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर तिचा वर्ग, आसनसंख्या, नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाची नोंद पाहा. थकलेली ई-चलनंही तपासा.

आरसीवर ‘बस’ किंवा ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ आणि आत पलंग, सिंक, शेगडी असं असेल, तर विक्रेता हमखास म्हणतो, ‘काका, ते नंतर करून घेता येतं, आमचा माणूस आहे.’ हे मान्य करू नका. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पॉलिसी, आरसी आणि गाडी शेजारी ठेवून पाहतो आणि न कळवलेल्या बदलांवरून दावा अडकतो. वर्गबदल विक्रेत्याने आधी करून द्यावा, सुधारित आरसी आपण डोळ्यांनी पाहावी आणि मगच पैसे द्यावेत. तो तयार नसेल तर काम सोपं नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

पिवळ्या पाटीच्या गाडीबद्दलही असंच बोललं जातं, की पाटी पांढरी केली म्हणजे झालं. खरं तर परमिट परत करावं लागतं, कराचा फरक भरावा लागतो आणि व्यावसायिकमधून खासगी वर्गात रीतसर बदल करून घ्यावा लागतो. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखलाही लागतो. हे सारं ठाण्याच्या एमएच ०४ किंवा कल्याणच्या एमएच ०५ कार्यालयात जाऊन, एकूण खर्च किती येईल ते विचारून मगच सौद्याला बसा. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं. नुसत्या सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन व्यवहार संपवणाऱ्यापासून लांब राहा.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘मग काहीच करता येत नाही’ असा समज असतो. तोही चुकीचा. कायद्याच्या लेखी ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ स्वरूपच बदलतं. घडीची गादी, कप्प्यांची पेटी, पाण्याचा कॅन, पडदे, बाहेर काढून वापरायची शेगडी हे सामान झालं. मात्र मागचं सीट कायमचं उपटून काढलं की आसनसंख्या जुळत नाही, हे ध्यानात ठेवावं.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ ही भीती दिल्लीच्या बातम्यांतून आलेली आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणीत पास झाल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. खर्च मात्र धरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, तर ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आलं. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहे. हिमाचल-उत्तराखंडचा बेत असेल तर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत. त्यांचं स्वरूप न्यायालयीन आदेशांनी बदलत आलं आहे, म्हणून निघण्याआधी ताजी स्थिती पाहून घ्या.

परवान्याची धास्ती तर अगदीच अनाठायी. वाहन चालवायला कायद्याने वरची वयोमर्यादा नाही. पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो आणि सोबत नमुना १-अ चा वैद्यकीय दाखला लागतो. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर नेहमीचा एलएमव्ही परवाना चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे व्यावसायिक वाहनांबाबतही मान्य केलं आहे.

आता गाडीकडे वळू. ‘कमी चाललेली म्हणजे चांगली’ हे जुन्या गाडीला लागू पडत नाही. उभ्या गाडीचे रबरी सील कडक होतात, ब्रेक जॅम होतात, बॅटरी मरते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी नवी कोरी दिसली तरी ‘१२१४’ वाचलं की तो टायर मार्च २०१४ चा आहे हे कळतं आणि नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करता येतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत गंज हा मोठा शत्रू आहे. टाटा विंगरची बॉडी हीच तिची चौकट असल्याने तिच्या फरशीचा गंज वरवरचा समजू नये. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. उल्हास नदीच्या पट्ट्यात बदलापूर, कल्याण भागात २००५ आणि २०१९ च्या पुरात पाणी किती चढलं ते आपण विसरलेलो नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, मॅटखाली हात घाला. गाळाचा डाग किंवा कुबट वास आला तर गाडी सोडून द्या. चाचणी घोडबंदर रोडवर न घेता कसारा किंवा माळशेज घाटात, चार माणसं बसवून घ्या. उतरताना ब्रेक आणि चढताना तापमानाचा काटा पाहा, आणि तुमच्या विश्वासातला मेकॅनिक सोबत असू द्या.

‘छतावर सोलर बसवलं की रात्रभर एसी’ हे वाक्य विक्रीच्या प्रत्येक गप्पेत येतं. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वा युनिटच्या आत वीज मावते, आणि साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरावी. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे पंखा, दिवे, मोबाइल आणि छोटा फ्रीज इतकंच खात्रीचं. एसीशिवाय झोप येत नसेल तर रात्री वीजजोडणी मिळेल तिथेच मुक्काम करावा लागेल.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो फरशीजवळ साचतो, वरची खिडकी उघडून जात नाही. बंद गाडीत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच, आणि त्याला वास नसतो. स्वयंपाक बाहेर, दार उघडं ठेवून करावा आणि झोपताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा.

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटन धोरण आणलं, म्हणून आता जागोजाग कॅरव्हान पार्क असतील असं धरून चालू नका. पाणी, वीज आणि मैलापाणी सोडायची सोय एकत्र असलेल्या जागा थोड्या आहेत. माळशेज, भंडारदरा अशा ठिकाणची एमटीडीसीची निवासं किंवा कृषी पर्यटन केंद्रं यांना आधी फोन करून आवारात गाडी लावू देतील का ते विचारावं. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या वयात हा प्रश्न सौद्याआधी सोडवायचा असतो. फिरत्या शौचालयाची टाकी कुठे रिकामी करणार याचं उत्तर नसेल तर ती घेऊच नये, आणि नदी-ओढ्यात तर मुळीच रिकामी करू नये.

राहिली पार्किंगची जागा. सोसायटीतली गाडीची नेहमीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. मारुती ईको ३.६७ मीटरची, त्यामुळे ती आरामात बसते. लांब ट्रॅव्हलर बाहेर येते आणि तिचं उंच छत स्टिल्टच्या तुळईला लागू शकतं. टेप घेऊन मोजा आणि समितीची लेखी परवानगी आधी मिळवा. ईकोतही उणिवा आहेत. जुन्या गाडीत पॉवर स्टिअरिंग नाही, खांद्याचं दुखणं असेल त्याला ते जाणवेल. उभं राहता येत नाही. सीएनजीची टाकी मागची जागा खाते, म्हणून पेट्रोलची शोधावी. एवढं असूनही वर्षातून मोजक्या सहली करणाऱ्या दोघांसाठी माझं मत ठाम आहे. एकच मालक असलेली, पांढऱ्या पाटीची खासगी ईको आणि काढता-घालता येणारं सामान घ्या. ट्रॅव्हलर घ्यायचीच असेल तर आरसीवर कॅम्पर लिहिलेलीच घ्या, आणि त्याआधी तशीच एक गाडी चार दिवस भाड्याने घेऊन दोघांनीही त्यात झोपून पाहा.