इंग्रजांची कापाकापी

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास दाराची घंटा वाजली. दारात शेजारचे नाना. अंगात नुसता बनियन, हातात मोबाईल, चेहरा पांढराफटक.

"प्रोफेसर, जरा हे वाचा हो. आमच्या धाकट्याला तिकडे कुणी भोसकलं की काय!"

धाकटा इंग्लंडात नोकरीला आहे. ज्या बाईंच्या घरी तो भाड्याने राहतो, त्यांनी नानांना चार ओळी पाठवल्या होत्या. तुमचा मुलगा 'टेरिबली कट अप' आहे, अशी त्यांची सुरुवात. नानांची उभी हयात बँकेत गेलेली; इंग्रजी त्यांना परके नाही. पण 'टेरिबली' म्हणजे भयंकर आणि 'कट' म्हणजे कापणे, या दोन पायऱ्या चढल्यावर रक्ताशिवाय दुसरे काय दिसणार? पुढच्या ओळी त्यांनी वाचल्याच नव्हत्या.

"नाना, आधी बसा. पोरगं धडधाकट आहे. 'कट अप' म्हणजे मनाने फार दुखावलेला."

नानांचा जीव भांड्यात पडला. सौभाग्यवतींनी चहा टाकला, आणि नानांना जरा धीर यावा म्हणून मी इंग्रजांच्या कापाकापीच्या आणखी काही गमती सांगू लागलो. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

आपण भाजी चिरतो, सुपारी कातरतो, फांदी छाटतो, झाड तोडतो, कापड बेततो. भाजी 'कापली' म्हटले तर आमच्या मातोश्रींच्या कपाळाला अजून आठी पडते. इंग्रज मात्र या सगळ्यांना एकच सुरी लावतो आणि मग ती सुरी वाटेल तिकडे फिरते. 'कट अँड रन' घ्या. जहाज नांगर टाकून उभे आहे, शत्रू अंगावर आला, नांगर ओढून घ्यायला सवड नाही. तेव्हा दोर कापायचा आणि वारा मिळेल तिकडे पोबारा करायचा. 'कट टु द चेस' हा हॉलिवूडच्या मूकपटांच्या काळातला. रेंगाळणारी दृश्ये काढा नि एकदम पाठलाग दाखवा! आपण नमनाला घडाभर तेल घालू नका म्हणतो, तेच. 'कट कॉर्नर्स' म्हणजे वळसा चुकवून काम उरकणे. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

कापड पाहून कोट बेतावा, ही त्यांची म्हण जॉन हेवुडच्या 1546 सालच्या संग्रहात आहे. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. त्यांना कोटाची चिंता, आम्हाला झोपेची! नाकाची म्हण तर दोन्हीकडे आहे. पण इंग्रज स्वतःच्याच तोंडावर सूड उगवायला नाक कापतो. आपला माणूस दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून कापतो. कोण अधिक शहाणा, ते ठरवणे कठीण. आणि आपणही काही कमी नाही. मराठी शिकणाऱ्या एखाद्या साहेबाला 'भागीदाराने केसाने गळा कापला' असे कळवून पाहा. तोही रात्री अकराला शेजाऱ्याचे दार ठोठावील.

नाना हसले. इतक्यात दारातून आवाज आला, "मनाने दुखावलेला म्हणजे? कशाने?"

काकू केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलेच नाही. मी पुरता ओशाळलो. पंधरवड्यापूर्वीच नानांच्या आई गेल्या होत्या. धाकट्याला रजा मिळाली नाही. फोनवर तो 'बरं', 'हो', 'काळजी घ्या' एवढेच बोलला. आजीने ज्याला अंगाखांद्यावर वाढवले त्याच्या घशात हुंदका म्हणून नाही, याचा काकूंनी धसका घेतला होता. तेव्हापासून त्याचा फोन आला की त्या नानांच्या हाती देत.

मी राहिलेल्या ओळी वाचल्या. आजी गेल्यापासून पोर धड जेवत नाही, रात्री स्वयंपाकघरात दिवा लावून एकटाच बसून राहतो. त्याला न विचारता लिहिते आहे, माफ करा, असे बाईंनी शेवटी म्हटले होते.

"पुन्हा वाचा हो," नाना म्हणाले. "जरा सावकाश. हिला नीट ऐकू द्या."

मी पुन्हा वाचले, या वेळी मराठीतून. काकूंनी पदराने तोंड पुसले.

"तिकडे आत्ता किती वाजले असतील?"

"संध्याकाळचे सात."

दोघे घाईने घरी गेले. चहा तसाच राहिला. आमच्या दोन घरांमधली भिंत तशी पातळच. थोड्या वेळाने पलीकडून काकूंचा आवाज आला, "जेवलास का रे?"