टॉर्च लायटर, ब्यूटेनचा
टॉर्च लायटर, ब्यूटेनचा : दाबाखाली द्रवरूपात साठविलेल्या ब्यूटेन वायूत हवा मिसळून निळी, तीव्र ज्योत देणारे, पुन्हा भरता येणारे हस्तसाधन. पेटवणीसाठी व किरकोळ डाखकामासाठी ते वापरतात. पारनेर तालुक्यातील सुप्याजवळच्या पवनचक्क्यांच्या डोंगरमाथ्यासारख्या वाऱ्याच्या जागी साध्या लायटरपेक्षा त्याची ज्योत अधिक टिकते. निवडताना द्रवाची पातळी दिसणारी टाकी व ज्योत-नियंत्रक पहावा. अशुद्ध वायूने ज्योतीचे सूक्ष्म छिद्र तुंबते. म्हणून शुद्ध ब्यूटेन वापरावा. भरण्यापूर्वी लायटर थंड होऊ द्यावा, नियंत्रक किमानावर आणावा व झडप दाबून आतील हवा सोडावी; मग लायटर उलटा धरून भरावा. हा वायू हवेच्या सुमारे दुप्पट जड असल्याने जमिनीलगत साचतो व हवेत त्याचे प्रमाण सु. १·८ ते ८·४ टक्के असताना ठिणगीने पेटतो. त्यामुळे लायटर विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत भरावा व काही मिनिटांनंतरच पेटवावा.