गहाळ पत्रांचा शोध आणि कोष्टकांतील शेजारच्या ओळी

हस्तलिखितांच्या याद्या संगणकांतील कोष्टकांत ठेवण्याचा प्रघात आतां पडला आहे. अशा कोष्टकास प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एस्क्यूएल. तींतील 'विंडो फंक्शन' या साधनाचा संग्राहकांस कसा उपयोग होतो, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समजा, एका पोथीच्या उपलब्ध पत्रांचे अंक १, २, ३, ६, ७ असे आहेत. प्रत्येक अंकांतून त्याच्या मागच्या ओळींतील अंक वजा केल्यास बाकी अनुक्रमें १, १, ३, १ येते. जेथें ३ आली, तेथें ४ व ५ या अंकांचीं पत्रें नाहींत. बाकी ० आल्यास एकच अंक दोन पत्रांवर आहे. मागच्या ओळींतील मूल्य 'लॅग' आणून देतें, पुढच्या ओळींतील 'लीड'. पहिल्या ओळीस मागची ओळच नाहीं. तेथें 'नल', म्हणजे रिकामें उत्तर मिळतें. तें शून्य समजूं नये.

आज्ञा येणेंप्रमाणें: पत्रांक - लॅग(पत्रांक) ओव्हर (पार्टिशन बाय पोथी ऑर्डर बाय पत्रांक). 'पार्टिशन बाय' मुळें एका पोथीचें पहिलें पत्र दुसरीच्या शेवटच्या पत्राशीं ताडलें जात नाहीं. 'ऑर्डर बाय' क्रम ठरवितें. ही सोय पोस्टग्रेएस्क्यूएलमध्यें २००९ सालीं, मायएस्क्यूएल व एस्क्यूलाइट यांत २०१८ सालीं आली.

एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेल्या पद्धतींत कोष्टकाच्या ओळींस स्वतःचा क्रम नाहीं. सबब शेजार कोणता, हें संशोधकानेंच सांगावें लागतें. अंक अक्षररूपानें नोंदले असल्यास १० हा २ च्या आधीं लागतो व सारी वजाबाकी व्यर्थ जाते. तसेंच 'व्हेअर' ही गाळणी लॅगच्या आधीं चालते. तिनें जीर्ण पत्रें वगळलीं, तर तीं हरवल्याचा भास होतो. म्हणून वजाबाकी आंतल्या प्रश्नांत करून गाळणी बाहेर लावावी.

अखेरचीं पत्रें गेलीं असल्यास या रीतीनें तीं कळत नाहींत. तेथें पुष्पिका व ग्रंथसंख्याच पाहिली पाहिजे. शिवाय लेखकाच्या हातून अंक सुटलेलाहि असतो. यास्तव पत्रांक तुटला म्हणजे पाठ तुटलाच, असें मानूं नये. कोष्टक जागा दाखवितें. निर्णय दोन्ही पत्रें समोर ठेवून, मजकूर जुळतो कीं नाहीं हें वाचूनच करावा.