घरगुती गाणे आणि दूरचे कान

हौशी गायक-वादकांनी घरात ध्वनिमुद्रण करायचे, ते इंटरनेटवर अनोळखी श्रोत्यांपुढे ठेवायचे आणि त्यांच्या अभिप्रायावरून पुढचे गाणे सुधारायचे, ही पद्धत मुंबईच्या उपनगरांत ऑर्कुट या संकेतस्थळाच्या काळात रुजली. अंधेरी-कुर्ल्याच्या गल्ल्यांतले रॅप याच वाटेने पुढे आले. बोरिवली-मुलुंडमधली निवृत्त मंडळी संध्याकाळी मोबाइलवर किशोरकुमारची गाणी गाऊन परगावच्या श्रोत्यांना ऐकवतात, तीही याच पद्धतीने. दोघांचे वय, भाषा आणि गाण्याचा बाज वेगळा. अडचणी मात्र त्याच. शांत जागा नसते, उपकरणे जेमतेम असतात आणि नेमके सांगणारा श्रोता सापडत नाही. पहिल्या दोन अडचणींवर तंत्राने बरीच मात केली आहे. तिसरी माणसांच्या हातात आहे आणि हौशी गाण्याचा कस तिथेच लागतो.

घरात बसून अनेक पदरी ध्वनिमुद्रण करण्याची सोय सामान्य माणसाला १९७९ मध्ये मिळाली. त्या वर्षी टॅस्कॅम या जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ हे यंत्र आणले. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरता येत. आधी गिटार, मग त्यावर आवाज, मग दुसरा आवाज. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा १९८२ चा अल्बम अशाच यंत्रावर घरी मुद्रित झाला होता. महाराष्ट्रात कॅसेटने वेगळे काम केले. कोळीगीते, भीमगीते, गणपतीची गाणी छोट्या कंपन्यांच्या कॅसेटांतून वस्त्यावस्त्यांत पोहोचली. तरीही गायकाला कंपनीचा उंबरठा चढावाच लागे. तो उंबरठा संगणकाने काढून टाकला. २००० साली ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आले आणि घरचा संगणक, एक माइक आणि हेडफोन एवढ्यावर गाणे मुद्रित करणे शक्य झाले.

ऐकवायचे कोणाला, हा प्रश्न ऑर्कुटने सोडवला. गूगलने जानेवारी २००४ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ भारतात तुफान लोकप्रिय झाले आणि त्यावर ‘इन्सिग्निया रॅप कॉम्बॅट’ नावाचा समूह तयार झाला. देशभरातले नवखे रॅपर तिथे एकमेकांशी झुंजत. काही सामने फक्त लिखित ओळींचे असत, काही ध्वनिमुद्रित. इंटरनेटवरून बीट उतरवायचा, घरी आवाज भरायचा, फाइल दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर चढवायची आणि तिचा दुवा समूहात टाकायचा. मग इतर सदस्य मत देत. यमक किती पक्के, फ्लो कुठे तुटला, प्रतिस्पर्ध्याच्या ओळीला खरोखर उत्तर मिळाले की नुसती शिवी, याचा हिशेब होई. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहिरांचे सवाल-जवाब ऐकणाऱ्या श्रोत्यांनीही हेच केले होते. तिथे समोरच्या कवनाची उकल न करता नुसता आवाज चढवणारा हरला असे मानले जाई. महाराष्ट्राला ही रीत नवी नव्हती. फड तेवढा बदलला होता.

या सामन्यांचे महत्त्व आज नीट ओळखले जात नाही. भारतात तेव्हा रॅप शिकवणारी शाळा नव्हती, गुरू नव्हते, रेडिओवर त्याला जागा नव्हती. जे काही शिक्षण झाले ते एकमेकांच्या गाण्यांची चिरफाड करून झाले. हरलेल्याला कारण कळे आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उभा राही. सुरुवातीची बरीच लिखावट इंग्रजीत होती. हळूहळू हिंदी आली, कारण आपल्या गल्लीतला माणूस आपले गाणे ऐकत नाही हे या मुलांना जाणवू लागले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, पण तोवर मंडळी फेसबुक आणि यूट्यूबवर सरकली होती.

त्याच वर्षाच्या आरंभी कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने, म्हणजे नावेद शेखने, ‘आफत’ हे गाणे यूट्यूबवर टाकले. बीट इंटरनेटवरून घेतलेला, आवाज आयपॅडवर मुद्रित केलेला, चित्रीकरणही आयपॅडवरच आणि तेही आपल्याच वस्तीत. त्याच्यावर त्याच वर्षी ‘बॉम्बे ७०’ हा लघुपट झाला. नावातला आकडा कुर्ल्याच्या पिनकोडचा. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरात वाढलेला डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस, आधी इंग्रजीत रॅप करत असे. हिंदीत आल्यावर २०१३ मध्ये त्याचे ‘ये मेरा बॉम्बे’ आले आणि २०१५ मध्ये दोघांचे ‘मेरे गली में’. झोया अख्तरचा ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ ला प्रदर्शित झाला तो या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन. चित्रपटामुळे सगळे घडले असे पुष्कळांना वाटते. खरे तर चित्रपट पोहोचेपर्यंत दहाएक वर्षांची घरगुती मेहनत पडद्याआड झाली होती. मराठीलाही या प्रवाहात जागा मिळाली. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषक गटातला एमसी मवाली मराठीतून रॅप करतो आणि या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केले. गोरेगावच्या जंगलाचा प्रश्न आणि तिथल्या माणसाचा आवाज एकाच गाण्यात आला, ही या घरगुती परंपरेची मोठी कमाई आहे.

कराओके गाणाऱ्यांची वाट निराळी. त्यांना स्वतःची रचना करायची नसते. आवडते गाणे मनासारखे गायचे असते. मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, विलेपार्ल्याचे दीनानाथ अशा नाट्यगृहांत हौशी गायकांचे कार्यक्रम होतात, पण रोजचे गाणे घरीच असते. त्यासाठी स्म्यूलसारखी ॲप आली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या या कंपनीच्या ॲपवर एकाने युगुलगीतातला आपला भाग गाऊन ठेवायचा आणि दुसऱ्याने सवडीने त्याला जोड द्यायची. घाटकोपरच्या गृहिणीला नागपूरचा किंवा न्यू जर्सीचा जोडीदार मिळतो आणि दोघांची कधी भेटही झालेली नसते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ या मोबाइल कंपनीने डेटा स्वस्त केला आणि या हौसेला खरी भरती आली. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा अनेक हौशी गायकांचे साठलेले श्रोते एका रात्रीत गेले. दुसऱ्याच्या मंचावर मांडलेल्या संसाराला हा धोका कायमचा असतो.

ॲपवरच्या युगुलगीतात दोघांनी आपापले भाग वेगवेगळ्या वेळी गाण्यामागे भौतिकशास्त्राचे कारण आहे. एकत्र गाताना समोरच्याचा आवाज साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांहून उशिरा आला की ताल ढिला पडू लागतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एवढ्या वेळात तो दहा मीटर कापतो. रंगमंचावर दहा मीटरच्या अंतरात ताल सांभाळता येतो. मुंबई ते अमेरिका आणि परत या इंटरनेटच्या फेरीला मात्र पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणून सम एकाच क्षणी गाठणे जमत नाही. टाळेबंदीत ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या गुरुजनांना आणखी एक गोष्ट छळत होती. बैठकींच्या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट कापण्याची सोय असते आणि एकसारखा चालणारा तानपुऱ्याचा नाद तिला पंख्याच्या आवाजासारखाच वाटतो. ती तानपुरा खाऊन टाकते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केले की तो परत ऐकू येतो.

घरातल्या मुद्रणाला तंत्रापेक्षा जागा नडते. वन बीएचकेमध्ये कुकरची शिट्टी, दूरदर्शन मालिका, शेजारचे ड्रिलिंग. घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरणारी विमाने. रुळांजवळच्या इमारतींत लोकल. म्हणून पुष्कळांचे ध्वनिमुद्रण रात्री उशिरा चालते. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे मुद्रणात पोकळ घुमणे येते. त्यावर महागडा फोम लागत नाही. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गायले किंवा पाठीमागे दोरीवर गोधड्या टाकल्या तरी निम्मे घुमणे जाते. कंडेन्सर माइक नाजूक आवाज छान टिपतो, पण रस्त्यावरची रिक्षाही तितक्याच आपुलकीने टिपतो. गोंगाटाच्या घरात तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक बरा. ब्लूटूथ हेडफोनवर ट्रॅक ऐकत गाणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. त्यात आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो आणि गायक उगाच लयीत कच्चा ठरतो. तारेचा साधा इअरफोन जास्त कामाचा. मोबाइलचा माइक स्वतःहून हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करतो, म्हणून गाण्यातला चढउतार सपाट होतो. तो दोष गळ्याचा नसतो. गाणे व्हॉट्सॲपवर पाठवताना ध्वनिसंदेश म्हणून पाठवले तर ते बोलण्यासाठी आखलेल्या पद्धतीने दाबले जाते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले की फाइल जशीच्या तशी पोहोचते. ज्याच्याकडून आवाजाच्या पोताबद्दल मत हवे आहे, त्याला दाबलेली फाइल पाठवण्यात अर्थ नाही.

आता अभिप्राय. उपनगरांतल्या व्हॉट्सॲप गटांत गाणे पडले की ‘वा दादा’, ‘अप्रतिम ताई’, ‘कडक भावा’ आणि फुलांच्या चित्रांची रांग लागते. यात प्रेम असते आणि त्याची गरजही असते. साठीत पहिल्यांदा गाणाऱ्या माणसाला धीर देणारे दहा शब्द सोन्याच्या मोलाचे. पण त्यातून गाणे सुधारत नाही. गटात कोणी चूक दाखवली तर ते उद्धट ठरते, शिवाय आपल्या गाण्यालाही कोणी टोकेल ही भीती असते. त्यामुळे सगळे सगळ्यांची स्तुती करतात आणि वर्षभरानंतरही दुसऱ्या अंतऱ्यातला कोमल निषाद चढाच राहतो.

उपयोगी अभिप्रायाला जागा लागते, म्हणजे गाण्यातली नेमकी जागा. साउंडक्लाउड या संकेतस्थळाने हे आरंभापासून ओळखले होते. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या सेवेत गाण्याची लहर पडद्यावर दिसते आणि तिच्या हव्या त्या क्षणावर शेरा लिहिता येतो. ‘छान आहे’ असे तिथेही लिहिता येते, पण ‘इथे श्वास ऐकू येतो’ किंवा ‘या शब्दाला समेच्या आधी पोहोचलास’ असे लिहिणे सोपे जाते. तालमीत गुरू बोट वर करून गाणे थांबवतात तेव्हा नेमके हेच होते: चूक घडल्या ठिकाणी दाखवली जाते. व्हॉट्सॲपवरही मिनिट-सेकंद लिहून सांगता येते, सवय मात्र लावून घ्यावी लागते. जुन्या गाण्यांत सर्वांत जास्त उपयोगी पडणारी सूचना पट्टीची असते. लताबाईंच्या मूळ पट्टीतला ट्रॅक लावून गाणाऱ्या अनेकींचा तारसप्तकात गळा आवळतो. ट्रॅक दोन-तीन स्वर खाली उतरवण्याची सोय अनेक ॲपमध्ये असते आणि तेवढ्याने ओढाताण संपते. रॅपमध्ये सूचना वेगळ्या असतात: ओळीत अक्षरे जास्त झाली, शेवटचा शब्द बीटखाली दबला, आवाजाच्या मानाने बास फार वर आहे. मागणाऱ्यानेही नीट मागावे. ‘कसे झाले?’ या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर येणार. ‘मुखड्यातली दुसरी ओळ सुरात आहे का?’ असे विचारले की ऐकणारा ती ओळ परत लावून ऐकतो. आवाज सुधारणारी सॉफ्टवेअर सूर बसवून देतात, पण त्यांच्या आड लपलेला गायक आपली चूक कधीच ऐकत नाही, म्हणून अभिप्रायासाठी कच्चे मुद्रण पाठवणे चांगले.

शेवटी हक्कांचा प्रश्न येतो आणि हौशी मंडळी तो टाळतात. कराओके ट्रॅक हे स्वतःच एक ध्वनिमुद्रण असते आणि त्यावर कोणाचा तरी हक्क असतो. यूट्यूबची २००७ पासूनची कंटेंट आयडी यंत्रणा ट्रॅक ओळखते. बहुतेक वेळा गाणे राहते आणि जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, कधी गाणे काढले जाते. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ क आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी त्या गाण्याचे नवे मुद्रण करता येते, पण आधी सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते. हे घरी गाणाऱ्याच्या आवाक्यातले नाही, त्याच्यासाठी नियम सोपे व्हायला हवेत. जुने मुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षांनी खुले होते. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, म्हणून साठ वर्षांपूर्वीची तबकडी मोकळी झाली तरी चाल मोकळी झालेली नसते. रॅपरनी मोफत म्हणून उतरवलेल्या बीटचीही अट वाचावी. पुष्कळ बीट फक्त विनामोबदला वापरासाठी असतात आणि गाण्यातून पैसे यायला लागले की परवाना विकत घ्यावा लागतो. स्वतः लिहिलेल्या-बांधलेल्या गाण्यावर हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. त्याच्या मानधनासाठी गीतकार-संगीतकारांना १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्य होता येते.