ग्लुटामिक आम्ल: हुशार उंदीर आणि पोखरलेला मेंदू

एकाच अमिनो आम्लाबद्दल दोन उलट समजुती आहेत. ग्लुटामिक आम्लाने बुद्धी तल्लख होते, ही जुनी. त्याचाच सोडियम क्षार असलेलं अजिनोमोटो मेंदू पोखरतं, ही आजची. दोन्हींना आधार उंदरांचा दिला जातो.

गैरसमज: ग्लुटामिक आम्ल खाल्लं की स्मरणशक्ती वाढते.

1943 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ते अपस्माराच्या रुग्णांना दिलं, तेव्हा काही जण जास्त तरतरीत वाटले. पुढच्याच वर्षी झिमरमन आणि रॉस यांनी ते पांढऱ्या उंदरांना चारलं. हे उंदीर भुलभुलैयाची वाट लवकर शिकतात, असं त्यांना दिसलं. झालं! बौद्धिक वाढ मागे असलेल्या मुलांनाही आम्ल देणं सुरू झालं.

पण भुलभुलैयात मोजतात काय? भुकेला उंदीर टोकाला ठेवलेल्या खाण्यापर्यंत किती वेळात पोचला आणि किती वेळा चुकीच्या बोळात शिरला, एवढंच. जास्त भुकेला, जास्त चपळ उंदीरही लवकर पोचतो. त्याला वाट आठवली, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. इतरांनी प्रयोग पुन्हा केले, तेव्हा फरक सापडेना. मुलांवरचे अभ्यास ॲस्टिन आणि रॉस यांनी 1960 मध्ये तपासले. गुण आला असं सांगणाऱ्या बहुतेक अभ्यासांत तुलनेसाठी आम्ल न दिलेला गटच नव्हता!

गैरसमज: अजिनोमोटोने विसराळूपणा येतो, उंदरांवर सिद्ध झालंय.

1969 मध्ये अमेरिकेत जॉन ऑल्नी यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या त्वचेखाली या क्षाराची मोठी मात्रा टोचली. इजा झाली ती हायपोथॅलॅमसमध्ये, आणि ती पिल्लं मोठेपणी लठ्ठ झाली. आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो हिप्पोकॅम्पस वेगळा. शिवाय टोचणं आणि खाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. उरलेल्याला रक्त-मेंदू अडथळा सहसा आत जाऊ देत नाही. शिकण्या-आठवण्यासाठी मेंदूला ग्लुटामेट लागतंच, पण ते तो स्वतः तयार करतो, मुख्यतः ग्लुकोजपासून.

पिकलेल्या टोमॅटोतही मोकळं ग्लुटामेट असतं, त्याला मात्र कुणी नावं ठेवत नाही. रक्तदाब असलेल्यांनी काळजी करायचीच, तर सोडियमची करावी. अजिनोमोटोत ते मिठाच्या साधारण एक तृतीयांश असतं, पण गाडीवरच्या नूडल्समध्ये मीठ आणि सोया सॉसही पडतातच की!