आयडी उडाली, कारण कळलं नाही

वालीव नाक्यावरून सातिवलीकडे निघालात की दोन्ही अंगांना गाळेच गाळे लागतात. प्लास्टिक मोल्डिंग, पत्र्याचं फॅब्रिकेशन, पॅकिंगचे खोके. या गाळ्यांत काम करणारी पोरं पाळी सुटली की माझ्या दुकानात येतात. माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मागच्या खोलीत गेम खेळायला तासावर मशीन देतो. पोरांच्या तक्रारी दोनच. एक, ‘काका, लॉबीत हॅकर लय झालेत.’ दुसरी, ‘काका, हॅक न मारता माझी आयडी उडाली.’ दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: चिटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे अँटी-चीट.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी चिटिंग समजावतो. नेमबाजीच्या खेळात भिंतीआडचा प्रतिस्पर्धी तुम्हाला दिसत नाही. पण तो कुठे उभा आहे ही माहिती तुमच्या मशीनच्या मेमरीत बहुधा आधीच येऊन पडलेली असते, कारण ती वेळेत आली नाही तर तो कोपऱ्यावरून वळल्यावर त्याचं चित्र उशिरा उमटेल. चोरटा प्रोग्रॅम ती मेमरी वाचतो आणि भिंतीपलीकडचा माणूस रंगवून दाखवतो. हा वॉलहॅक. दुसरा एमबॉट: तो नेम तुमच्याऐवजी स्वतःच धरतो. दहा तास राबून आलेला पोरगा तासाचे पैसे मोजून खेळायला बसतो आणि पहिल्या मिनिटाला भिंतीतून गोळी खातो, तेव्हा त्याला येणारा राग मी रोज बघतो. त्यामुळे पहारा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला एक्स्ट्रीम्सलँड ही काउंटर-स्ट्राइकची आशियाई स्पर्धा चालू होती. ऑप्टिक इंडिया या संघात ‘फॉरसेकन’ नावाने खेळणारा खेळाडू व्हिएतनामच्या संघाविरुद्ध खेळताना पकडला गेला. त्याच्या मशीनवर सापडलेल्या फाइलला ‘वर्ड’ असं साळसूद नाव दिलेलं होतं. संघ स्पर्धेतून बाद झाला, पाठोपाठ बरखास्तही झाला आणि त्या खेळाडूवर ५ वर्षांची बंदी आली. बरोबरच्या चौघांच्याही हातचा संघ गेला. भारतातून परदेशात खेळायला जाणाऱ्या पोरांना त्यानंतर कितीतरी दिवस टोमणे ऐकावे लागले.

मग पहारा नेमका कुठे बसतो? आमच्या इस्टेटीचा वॉचमन गेटवर बसतो, आत-बाहेर करणाऱ्यांना हटकतो. पण त्याच्याकडे प्रत्येक गाळ्याची किल्ली आणि मेन स्विचच्या खोलीचा ताबा दिला तर त्याला काहीही बघता येईल आणि त्याच्या एका चुकीने सगळी इस्टेट अंधारात जाईल. २००० साली आलेला पंकबस्टर आणि २००२ साली व्हॉल्व्ह कंपनीने आणलेला व्हॅक हे मुख्यतः गेटवरचे वॉचमन. पुढे चिटिंगचे प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात तिथे शिरू लागले, तसा पहाराही खाली उतरला. २०२० साली रायट कंपनीने व्हॅलोरंट हा खेळ आणला आणि सोबत व्हॅनगार्ड आणलं. याचा ड्रायव्हर मशीन चालू होतानाच जागा होतो, मग त्या दिवशी तुम्ही खेळा अगर न खेळा. सुरुवातीला त्याने काही लोकांचे प्रोसेसरचं तापमान दाखवणारे प्रोग्रॅमच अडवले, तेव्हा जगभर ओरड झाली. त्यात त्रुटी शोधून देणाऱ्याला १ लाख डॉलरपर्यंत बक्षीस द्यायची तयारी कंपनीने दाखवली, हेही सांगायला हवं.

गाभ्यातल्या प्रोग्रॅमची एक चूक केवढ्याला पडते, ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक हे गेमचं नव्हे, कार्यालयांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर. पण बसतं तिथेच. एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. २०२२ मध्ये तर खंडणीखोर टोळीने गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाचा अँटी-चीट ड्रायव्हर उचलून भलत्याच मशीनवर टाकला आणि त्याच्या जोरावर अँटिव्हायरस बंद पाडला. त्या मशीनवर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती.

तरी पोरांना गाभ्या-बिभ्याची चिंता नसते. त्यांना सलते ती खोटी बंदी. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे प्रकार मोठमोठ्या कंपन्यांकडून झालेले आहेत. २०१० मध्ये व्हॅकने कॉल ऑफ ड्युटीच्या सुमारे १२,००० निर्दोष खेळाडूंना बाहेर काढलं. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी माफी मागितली आणि भरपाई म्हणून दुसरा खेळ फुकट दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधली अँटी-लॅग प्लस ही सोय चालू केली म्हणून काउंटर-स्ट्राइक २ मधले लोक उडाले. सोय कार्ड बनवणाऱ्या कंपनीने दिलेली, बंदी मात्र वापरणाऱ्यावर. एएमडीने तो ड्रायव्हर मागे घेतला. २०२४ मध्ये उघड झालं की कॉल ऑफ ड्युटीचं रिकोशे हे अँटी-चीट मेमरीत ठरावीक शब्द शोधतं, आणि ते शब्द नुसते निरोपात पाठवून एका हॅकरने साध्या खेळाडूंना बंदीत ढकललं होतं.

या तिन्ही ठिकाणी खूप लोक किंवा नावाजलेले लोक एकदम ओरडले, म्हणून चूक कबूल झाली. वालीवच्या एकट्या पोराचं कोण ऐकतं?

गोखिवऱ्याहून येणारा एक मुलगा मोल्डिंगच्या गाळ्यात रात्रपाळी करतो. वर्षानुवर्षं माझ्याच मशीनवर खेळून त्याने रँक वर नेली होती आणि पगारातून बंदुकांच्या रंगीत स्किन घेतल्या होत्या. खेळाचं नाव इथे नको. मग त्याने स्वतःचं मशीन घेतलं, सेकंडहँड, ऑफिसातून निघालेलं. त्यावर लॉगिन केलं आणि आठवड्याच्या आत पडद्यावर आलं: कायमची बंदी. अपील केलं, तर चार ओळींचं इंग्रजी उत्तर आलं की तपासणी झाली आहे, निर्णय कायम आहे. कशाची तपासणी, कोणत्या दिवसाची, कोणता आरोप, एक अक्षर नाही. त्याने मला ते उत्तर मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. त्याला वाटत होतं की कारण कुठेतरी लिहिलेलं असेल आणि आपल्याला इंग्रजीमुळे कळत नसेल.

मी मशीन उघडलं. डिस्क तीच ठेवली, इंटरनेट तेच, फक्त मदरबोर्ड बदलला आणि त्याच्या भावाने नव्या आयडीने खेळून पाहिलं. ती आयडी टिकली. माझा निष्कर्ष असा, की त्या बोर्डावर आधीच्या कुणीतरी चिटिंग केलेलं होतं. हल्ली बऱ्याच कंपन्या नुसत्या आयडीवर नव्हे, मशीनच्या ओळखीवर बंदी घालतात, कारण चिटर नवी आयडी पाच मिनिटांत काढतो. युक्ती योग्य आहे. पण आमच्याकडे मशीन एकाचं राहत नाही. लॅमिंग्टन रोडवरून येतं, एक जण वर्षभर वापरतो, विकतो, मग त्याचा बोर्ड तिसऱ्याच्या डब्यात बसतो. गेम झोनमध्ये तर एका मशीनवर दिवसाला डझनभर आयडी उघडतात. त्यातल्या एकाने चोरी केली की उरलेल्यांच्या डोक्यावर टांगती तलवार. मुलाची जुनी आयडी काही परत आली नाही.

दुसरा जाच मशीनच्या वयाचा. ऑफिसातून निघालेले चौथ्या पिढीचे आय-फाइव्ह अजून उत्तम चालतात. पोरं हौसेने त्यांवर आडवाटेने विंडोज ११ टाकून घेतात आणि व्हॅलोरंट उघडलं की ‘व्हॅन ९००१’ हा एरर येतो. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात, आणि त्या जुन्या बोर्डांत टीपीएम असलाच तर बहुधा १.२ चा. बरी मशीन असतील तिथे बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू करता येतं. पण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती जीपीटी करावी लागते. ते न करता व्हिडिओ बघून कुणी नुसती सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय, बंद केली की विंडोज उठतच नाही आणि मशीन माझ्या टेबलावर येतं. चोरी न करणाऱ्याने खेळायला मिळावं म्हणून मेकॅनिकला पैसे मोजायचे, हे मला पटत नाही.

पहारा काढा असं मी म्हणत नाही. बंदी घालताना तारीख आणि आरोपाचा प्रकार लिहा. चिटिंगची कृती उघड करू नका, पण माणसाला आपल्यावर काय आळ आहे ते कळू द्या. पहिलं अपील माणसाने वाचावं. मशीनवरची बंदी ठरावीक मुदतीने आपोआप उठावी, म्हणजे बोर्डाचा पुढचा मालक सुटेल. २०२३ चा आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्वतःबद्दलची माहिती मागायचा आणि तक्रार नोंदवायचा हक्क मान्य करतो. खेळाडूंनी त्याचा दाखला देऊन लिहायला लागावं. मी दुकानात बसून अर्ज लिहून द्यायला तयार आहे.

तोवर पालकांनी आणि पोरांनी सेकंडहँड मशीन घेताना एवढं करावं. बिलावर मदरबोर्डचा सिरियल नंबर लिहून घ्या. हवा तो खेळ दुकानातच त्या मशीनवर, नव्या आयडीने चालवून बघा. स्किन आणि रँक असलेली जुनी आयडी त्यावर उघडू नका. आणि बंदी आधीची निघाली तर पंधरा दिवसांत बोर्ड बदलून देण्याची बोली दुकानदाराकडून लेखी घ्या. मी ती देतो, आणि नाक्यावरच्या इतर दुकानदारांनीही द्यावी असं त्यांना सांगतो आहे.