ओझे वाहणारे पंख

हवाई दल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कानठळ्या बसवीत झेपावणारी लढाऊ विमाने उभी राहतात. संचलनातल्या टाळ्याही त्यांनाच मिळतात. पण जी विमाने शत्रूवर तुटून पडत नाहीत, नुसती माणसे, धान्य, दारूगोळा आणि औषधे वाहून नेतात, त्यांचाही एक इतिहास आहे. अशाच एका तुकडीची, म्हणजे भारतीय हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

ही स्क्वॉड्रन १ डिसेंबर १९४५ रोजी कोहाट येथे उभी राहिली. आरंभी तिच्याकडे स्पिटफायर ही लढाऊ विमाने होती. पुढच्याच वर्षी तिला डाकोटा मिळाले आणि ती वाहतुकीची स्क्वॉड्रन झाली. १९४७ च्या फाळणीत सैन्याबरोबर विमानांचीही वाटणी झाली, तेव्हा भारताच्या वाट्याला वाहतुकीची ही एकच स्क्वॉड्रन आली. डाकोटा हे दोन इंजिनांचे साधे विमान. वेग बेताचा, पण अंगाने दणकट. कच्च्या मैदानावर उतरावे, माल टाकावा आणि पुन्हा उडावे, हा त्याचा गुण.

या गुणाची कसोटी लवकरच लागली. २२ ऑक्टोबर १९४७ रोजी टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले. २६ तारखेला महाराजा हरिसिंग यांनी सामीलनाम्यावर सही केली, तेव्हा शत्रू बारामुल्लापर्यंत पोचला होता. बारमाही वाहतुकीचा मुख्य रस्ता रावळपिंडीकडून येणारा, म्हणजे तो बंदच. जम्मूकडचा रस्ता कच्चा, त्यात बनिहालचा घाट. सैन्य वेळेवर पोचवायचे तर आकाशावाचून वाट नव्हती.

२७ ऑक्टोबरच्या सकाळी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन दिल्लीहून डाकोटा निघाले. श्रीनगरची धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की शत्रूच्या, हेही नक्की ठाऊक नव्हते. वरून घिरट्या घालून पाहावे, धोका दिसला तर जम्मूला परतावे, असा हुकूम होता. स्क्वॉड्रनचे प्रमुख विंग कमांडर के. एल. भाटिया यांनी पहिले विमान उतरवले. पलटणीचे नायक लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी लढताना धारातीर्थी पडले. पुढे खासगी कंपन्यांची डाकोटाही मदतीला आली आणि शेकडो फेऱ्या झाल्या. जाताना जवान आणि दारूगोळा, येताना जखमी आणि निर्वासित, असा तो क्रम होता. ३ नोव्हेंबरला मेजर सोमनाथ शर्मा यांनी बडगाम येथे प्राण दिले, ते याच विमानतळाकडे येणारी वाट रोखण्यासाठी.

त्यानंतर पूंछ. वेढा पडलेल्या त्या गावात सैन्याबरोबर हजारो निर्वासित अडकले होते. गावकऱ्यांनी आणि निर्वासितांनी राबून धावपट्टी तयार केली आणि डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तेथे डाकोटा उतरवले. त्याच वाटेने तोफा आल्या, अन्न आले. नोव्हेंबर १९४८ मध्ये वेढा उठेपर्यंत पूंछ तगले ते या विमानांच्या बळावर.

सर्वांत अवघड होते लेह. तेथील धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांहून उंच. अभियंता सोनम नोर्बू यांनी ती स्थानिकांच्या मदतीने तयार केली होती. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग जनरल थिमय्या यांना शेजारी बसवून तेथे उतरले. डाकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नसते. पंखांवर बर्फ साचू न देणारे यंत्रही त्या विमानात नव्हते. वाटेचा नीट नकाशा नाही. डोंगरांच्या रांगा ओलांडण्यासाठी विमान त्याच्या ताकदीच्या शेवटच्या टोकापर्यंत चढवावे लागले. मेहरसिंगांना पुढे महावीरचक्र मिळाले.

हे सारे वाचताना मला एक गोष्ट जाणवली. पराक्रम म्हणजे शत्रूला मारणे, अशी आपली समजूत शाळेपासून झालेली असते. माझे वडील ट्रक चालवतात. बाजारात धान्य दिसते, ते आणणारा दिसत नाही, हे मी घरीच शिकलो. युद्धाचेही तसेच आहे. बंदुकीतली गोळी कोणी झाडली ते इतिहासात येते, ती गोळी डोंगरापलीकडे कोणी पोचवली ते क्वचितच येते. मारणाऱ्याइतकेच धैर्य पोचवणाऱ्यालाही लागते. त्याच्याजवळ तर उलट वार करायला हत्यारही नसते.

पुढे या स्क्वॉड्रनने डाकोटा सोडून पॅकेट आणि नंतर ए. एन. ३२ ही विमाने घेतली. आग्रा हे तिचे ठाणे झाले. विमाने बदलली, काम मात्र तेच राहिले. रस्ता जेथे संपतो तेथून पुढे माणसापर्यंत जाणे, हे ते काम. देशाचा इतिहास लिहिताना या ओझे वाहणाऱ्या पंखांसाठी चार ओळी अधिक राखून ठेवाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.